आठ मिनिटांचे घर

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर एका दालनाचा नकाशा आहे. हे दालन कोठेही बांधलेले नाही आणि बांधले जाण्याची शक्यताही नाही. आत शिरताच भिंतींवर चित्रे उजळावीत, विजेच्या यंत्रांवर घडवलेला नाद एका कोपऱ्यातून निघून डोक्यावरून पलीकडे जावा, आणि पाहणे कोठे संपले व ऐकणे कोठे सुरू झाले हे माणसाला उमगू नये, अशी ती कल्पना. गेल्या स्नेहसंमेलनात चित्रप्रदर्शनाचे काम माझ्याकडे होते, तेव्हापासून हे वेड डोक्यात शिरले आहे.

माझे वडील लग्नकार्यात आणि जत्रेत लाउडस्पीकर भाड्याने देतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कर्णा कोठे बांधला म्हणजे आवाज मंडपात भरतो आणि कोठे बांधला म्हणजे नुसता ओढ्याकडे निघून जातो, हे मात्र मला घरीच कळले. एके दिवशी ती वही अण्णांच्या हाती पडली. त्यांनी नकाशातले कर्णे मोजले, वायर किती लागेल ते विचारले आणि जरा थांबून याचे पुढे काय होणार असेही विचारले. वायरीचा हिशेब मी सांगितला. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सुचले नाही. ते शोधता शोधता मला एदगार वारेझ हा संगीतकार भेटला.

वारेझचा जन्म 22 डिसेंबर 1883 रोजी पॅरिसमध्ये झाला. बालपणाचा काही काळ बर्गंडीतील एका खेड्यात आजोळी गेला आणि पुढे कुटुंब इटलीत तुरिनला राहावयास आले. मुलाने इंजिनिअर व्हावे ही वडिलांची इच्छा. मुलाचा ओढा संगीताकडे दिसताच वडिलांनी घरातला पियानो कुलूपबंद केला, असे सांगतात. 1903 मध्ये वारेझने घर सोडले व पॅरिस गाठले. तेथे रीतसर शिक्षण घेऊन तो काही वर्षे बर्लिनला राहिला. तेथे ठेवलेली त्याची सुरुवातीची बहुतेक हस्तलिखिते पुढे आगीत जळून गेली. 1915 च्या डिसेंबरात तो न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा बत्तीस वर्षांच्या या माणसाजवळ दाखवण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.

न्यूयॉर्कच्या गोंगाटाने त्याला भारून टाकले. भोंगे, बंदरावरच्या बोटी, यंत्रांची घरघर हे सारे त्याला संगीताचे द्रव्य वाटू लागले. त्याच्या ‘अमेरिक’ या रचनेत प्रचंड वाद्यवृंदाच्या जोडीला चक्क सायरन आहे. 6 मार्च 1933 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याची ‘आयोनिझासियाँ’ ही रचना प्रथम सादर झाली. तेरा वादक आणि जवळजवळ सगळी आघाताची वाद्ये. आपल्याकडे ढोल-ताशाचे पथक ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण तेथील मैफलीच्या श्रोत्यांना हे संगीत म्हणावे की नाही असा प्रश्न पडला.

वारेझला मात्र एवढ्याने समाधान नव्हते. वाद्यांच्या ठरावीक स्वरांतून सुटलेला, कोणत्याही उंचीवर जाणारा, अवकाशात एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकणारा नाद त्याला हवा होता. त्यासाठी विजेची नवी यंत्रे लागणार होती. संशोधनाला प्रयोगशाळा मिळावी म्हणून त्याने बेल टेलिफोनच्या शास्त्रज्ञांशी संपर्क साधला, शिष्यवृत्तीसाठी अर्ज केले. हाती काही आले नाही. 1936 मध्ये त्याने प्लॅटिनमच्या बासरीसाठी एक छोटी रचना लिहिली आणि पुढची दहा-पंधरा वर्षे जवळजवळ काहीच पूर्ण केले नाही. जगभरातील गायकवृंद रेडिओद्वारा एकाच वेळी गातील अशा एका भव्य योजनेवर तो काम करीत राहिला. तीही कागदावरच राहिली. या काळात त्याला खोल नैराश्याने ग्रासले होते.

मला त्याच्या चरित्रात हा काळ सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यशाची वर्षे चरित्रकार भरभरून लिहितात. या रिकाम्या वर्षांपाशी ते लवकर पुढे सरकतात. पण ज्याच्या डोक्यात नाद आहे आणि तो वाजवणारे यंत्रच जगात नाही, त्याने रोज सकाळी उठून काय करावे? अण्णांचा प्रश्न वारेझलाही कोणी ना कोणी विचारीत असेलच.

1953 मध्ये त्याला एक टेपरेकॉर्डर भेट मिळाला. देणाऱ्याने नाव कळू दिले नव्हते. तेव्हा वारेझ सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. लगेच तो कारखान्यांतले आवाज गोळा करू लागला. वाद्यवृंद आणि टेप यांची सांगड घातलेली त्याची ‘देझेर’ ही रचना 2 डिसेंबर 1954 रोजी पॅरिसमध्ये झाली. सभागृहात गोंधळ उडाला, आणि कार्यक्रम रेडिओवरून थेट प्रक्षेपित होत असल्याने तो गोंधळही देशभर ऐकू गेला.

अखेर त्याच्या स्वप्नाला घर मिळाले. 1958 च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनासाठी फिलिप्स कंपनीने प्रसिद्ध वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए याच्याकडे आपले दालन सोपवले. प्रकाश, चित्रे आणि ध्वनी यांचा मिळून एक प्रयोग करण्याचे त्याने ठरवले आणि संगीत वारेझचेच असेल असा आग्रह धरला. कंपनीला हे संगीत रुचत नव्हते, तरी ल कॉर्ब्युझिए हटला नाही. तो स्वतः त्या वर्षांत आपल्या चंडीगडच्या उभारणीत गुंतलेला होता. त्यामुळे इमारतीची आखणी बव्हंशी त्याचा सहकारी यानिस झेनाकिस याने केली. काँक्रीटचे पीळ दिलेले पृष्ठभाग, तीन उंच टोके. दुरून एखादा मोठा तंबूच वाटावा. वारेझने आइंडहोवेन येथील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत कित्येक महिने बसून टेपवर संगीत रचले: घंटा, ढोल, यंत्रे, मानवी कंठ आणि शुद्ध विजेचे स्वर.

एका वेळी सुमारे पाचशे माणसे आत जात. अंधार होई. भिंतींवर मुखवटे, कवट्या, अणुस्फोट, लहान मुले अशी चित्रे उमटत, रंग बदलत, आणि तीनशेहून अधिक लाउडस्पीकरांतून नाद भिंतींवरून धावत फिरे. गंमत अशी की चित्र आणि संगीत यांचा मेळ मुद्दाम घातलेला नव्हता. दोघांना 480 सेकंदांची एकच मुदत. बाकी ज्याने त्याने आपापले काम करावे. आठ मिनिटांनी दुसऱ्या दाराने बाहेर.

लाखो लोकांनी तो प्रयोग पाहिला. 1959 च्या जानेवारीत ते दालन पाडण्यात आले. 6 नोव्हेंबर 1965 रोजी न्यूयॉर्कमध्ये वारेझ वारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ल कॉर्ब्युझिएही गेला होता.

इतकी वर्षे वाट पाहून मिळालेले घर वर्षभरही टिकले नाही, हे वाचून मी पुष्कळ वेळ सुन्न बसलो होतो. मग मोबाइलवर ती रचना लावली. डोळे मिटून ऐकताना भिंती आठवण्याचे कारणच पडले नाही. पहिल्या घंटेबरोबर मी कोठेतरी आत शिरलो होतो. वारेझजवळ यंत्रे नव्हती तेव्हाही तो हाताशी असलेल्या ढोलांतून आणि सायरनमधून त्याच नादाकडे चालला होता. म्हणून टेपरेकॉर्डर आला त्या दिवशी त्याला काय करायचे ते ठाऊक होते.

त्यानंतर मी माझा नकाशा पुन्हा काढला. आता त्यात तीनशे कर्णे नाहीत, दोन आहेत. चित्रे आमच्याच वर्गमित्रांची, खोली आमच्या कॉलेजची, खिडक्यांना काळे कापड, आणि नाद आमच्या तालुक्याचा: पिठाची गिरणी, एस.टी.चे इंजिन, विहिरीवरची मोटार, संगणकावर थोडा बदलून. चित्राने आवाजाची नक्कल करायची नाही आणि आवाजाने चित्राची. मुदत आठ मिनिटे.

ही वही मी अण्णांना आपणहून दाखवली. कर्णे समोरासमोर बांधू नकोस, आवाज एकमेकांत अडकतो, असे त्यांनी सांगितले आणि एक कर्णा पेन्सिलीने खोडून दाराच्या वर काढला. दोन्ही कर्णे द्यायचे त्यांनी कबूल केले आहे. अट एकच आहे: त्या दिवशी लग्नाची तिथी नसावी.