कोंबडीची गाठ आणि ५५ वर्षांची वाट

समजा, तुम्ही एक भन्नाट प्रयोग केलात, रिझल्टही चोख आला. पण कुणी विश्वासच ठेवेना. किती वर्षं तग धराल? पेटन राऊस यांना नोबेलसाठी ५५ वर्षं वाट पाहावी लागली.

१८७९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला जन्मलेले राऊस डॉक्टरकी शिकत असताना शवविच्छेदनात बोट कापलं आणि क्षयाने गाठलं. कॉलेज सोडून ते वर्षभर टेक्सासमध्ये गुरांच्या रँचवर राहिले, बरे होऊन परतले आणि डॉक्टर झाले.

पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये छातीवर गाठ आलेली एक कोंबडी त्यांच्याकडे आली. ती गाठ वाटून त्यांनी रस इतका बारीक गाळला, की त्यात एकही पेशी उरू नये. तो निरोगी कोंबडीला टोचला, तर तिलाही कॅन्सर! म्हणजे तो विषाणूमुळेही होऊ शकतो. साल होतं १९११. कोंबडीवरून माणसाचं काय कळणार, म्हणत अनेकांनी ते उडवून लावलं. राऊस यांनीही काही वर्षांनी तो विषय सोडला. पण स्वस्थ बसले नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात रक्त साठवून ठेवण्याची पद्धत शोधण्यात त्यांचा हात होता. नोबेल मिळालं १९६६ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी!

गंमत पुढेच आहे. कॅन्सरचं मूळ आपल्याच जनुकांतल्या बदलांत असतं, हे राऊस यांना तेव्हाही पटत नव्हतं. १९७० मध्ये ते गेले आणि १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस यांच्या टीमने दाखवलं, की त्या विषाणूतलं ‘सार्क’ जनुक मुळात निरोगी कोंबडीचंच. विषाणूने ते उचललेलं!

हे जनुक एक कायनेज बनवतं. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून निरोप पुढे धाडणारा पेशीतला स्विच. विषाणूतल्या सार्कचा स्विच कायम ‘ऑन’, त्यामुळे पेशी वाढतच सुटते.

मग अडकलेला स्विचच बंद केला तर? रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये ‘एबल’ नावाचं कायनेज असंच अडकतं. त्याला रोखणाऱ्या इमॅटिनिब गोळीला २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. एकेकाळी जीवघेणा ठरणारा तो आजार आज अनेक जण रोजच्या गोळीवर आटोक्यात ठेवतात.

तेव्हा पुस्तकात ‘कायनेज’ शब्द दिसला की नुसता पाठ करू नका. ती कोंबडीही आठवा, आणि ज्यांचा शोध त्यांच्या स्वतःच्या मताच्याही पुढे गेला, ते राऊससुद्धा!