एडिसनची गाडी आणि प्लगचा प्रश्न

घरात इलेक्ट्रिक कार घ्यायचं नुसतं ठरलं तरी शेजारी पहिला प्रश्न विचारतात तो चार्जिंग कुठे करणार हाच. सव्वाशे वर्षांपूर्वी थॉमस अल्वा एडिसनची गाडी याच प्रश्नावर अडली होती.

एडिसन म्हणजे बल्ब, एवढंच आपल्या डोक्यात असतं. ११ फेब्रुवारी १८४७ला ओहायोतल्या मिलान गावी जन्म, शाळेशी जमलं नाही, पोरवयात रेल्वेत पेपर विकले, कान जवळजवळ गेले, तारायंत्र शिकला. १८८२मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने वीजकेंद्र सुरू केलं. त्याची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. पण ती मैलभरापलीकडे नेणं परवडेना. जॉर्ज वेस्टिंगहाउसने लांब जाणारी एसी आणली आणि एडिसन इरेला पेटला. एसी किती घातक हे दाखवण्यासाठी त्याच्या प्रयोगशाळेत झटके देऊन जनावरं मारली गेली. (हे आपल्या धड्यात नव्हतं!) तरीही जिंकली एसीच.

पन्नाशी उलटल्यावर त्याने बॅटरी हातात घेतली. १९००च्या आसपास अमेरिकेतल्या साधारण एक तृतीयांश गाड्या विजेवर चालायच्या. पण त्यांच्या शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या जड आणि अल्पायुषी. एडिसनने निकेल, लोखंड आणि पोटॅशचं अल्कधर्मी द्रावण निवडलं. १९०३मध्ये माल बाजारात आला आणि डबे गळू लागले. त्याने उत्पादन बंद केलं, विकलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगाला बसला. सुधारित बॅटरी यायला १९०९ उजाडलं. ही मात्र दणकट निघाली. जास्त चार्ज झाली तरी बिघडत नसे. दोष दोनच, कडाक्याच्या थंडीत मंदावायची आणि महाग होती. डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीच्या गाडीत ती घ्यायची तर ६०० डॉलर जादा!

आता ती चार्ज कशी करायची? इथे जुनं भांडण आडवं आलं. कुठलीही बॅटरी फक्त डीसी घेते आणि घराघरात तर एसी पोचत होती. मग लोक घरच्या गॅरेजमध्ये पाऱ्याच्या वाफेवर चालणारा, एसीची डीसी करणारा काचेचा दिवा बसवायचे आणि रात्रभर गाडी लावून ठेवायचे. ज्यांना ते जमत नसे ते पैसे भरून सार्वजनिक गॅरेजात गाडी ठेवत. हार्टफर्ड शहरात वीज कंपनीने तिसरीच सोय काढली होती. गाडी बॅटरीविना विकत घ्यायची, उतरलेली बॅटरी देऊन भरलेली न्यायची आणि पैसे मैलांच्या हिशेबाने. आज स्कूटरवाले करतात तेच! पण हे सगळं शहरात. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहापैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. तिथे पेट्रोलचा कॅन पोचायचा, प्लग नाही.

आपले आजचे पर्यायही याच गणितातून येतात. घरी एसी मिळते, तिची डीसी करणारं यंत्र गाडीतच असतं आणि ते लहान असतं. १५ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण ३ किलोवॅट मिळतात, म्हणजे ३० युनिटची रिकामी बॅटरी भरायला रात्रीचे दहा तास. भिंतीवर ७ किलोवॅटचा चार्जर बसवला तर चार-पाच तास. हायवेवरच्या फास्ट चार्जरमध्ये एसीची डीसी बाहेरच होते आणि थेट बॅटरीत जाते, म्हणून ऐंशी टक्के चार्जिंग बऱ्याचदा तासाभरात उरकतं. म्हणजे तिथे एडिसनचीच डीसी! रोजच्या कॉलेज-ऑफिससाठी मात्र घरचा संथ चार्जरच स्वस्त आणि पुरेसा. सोसायटीत राहत असाल तर पार्किंगमध्ये स्वतंत्र मीटर मिळेल का, हे गाडी बुक करण्याआधी विचारा.

एडिसनला खरा धक्का दिला तो त्याच्या मित्राने. १८९६मध्ये त्याच्याच नावाच्या डेट्रॉइटमधल्या वीज कंपनीतल्या एका इंजिनिअरला त्याने पेट्रोल गाडीसाठी भरपूर प्रोत्साहन दिलं होतं. तो हेन्री फोर्ड. १९०८ला त्याची स्वस्त मॉडेल टी आली. १९१२ला कॅडिलॅकमध्ये बटणावर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल मारायची कटकट संपली. १९१४मध्ये दोघं मिळून स्वस्त इलेक्ट्रिक गाडी काढणार अशी बातमी आली, पण गाडी आली नाही. एडिसनची बॅटरी रेल्वे सिग्नल आणि खाणीतल्या दिव्यांत खपली आणि तिने पैसाही दिला.

१८ ऑक्टोबर १९३१ला न्यू जर्सीतल्या ग्लेनमॉन्ट या घरी तो गेला. तिथल्या काँक्रीटच्या गॅरेजमध्ये गाड्या चार्ज करायची सोय होती आणि पेट्रोलचा पंपसुद्धा.