कान्होजी आंग्रे: इंग्रज ज्यांना चाचा म्हणायचे, ते मराठ्यांचे आरमारप्रमुख

मुंबईतल्या नौदल तळाचं नाव १९५१ पासून ‘आयएनएस आंग्रे’ आहे. गंमत म्हणजे ज्यांच्यावरून हे नाव पडलं, त्या कान्होजींना इंग्रज समुद्री चाचा म्हणायचे.

का? कारण कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना कान्होजींचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा लागे. नसेल तर जहाज जप्त. असे परवाने पोर्तुगीजही द्यायचेच की! १७१२ मध्ये तर कान्होजींनी थेट मुंबईच्या गव्हर्नरची नौका पकडली.

तेव्हा छत्रपतींच्या घरात ताराबाई विरुद्ध शाहू असा वाद पेटलेला. कान्होजी ताराबाईंकडे होते. साताऱ्याहून शाहूंनी पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केलं. शेवटी बाळाजी विश्वनाथांनी लढाई न करता बोलणी केली. कान्होजी शाहूंच्या बाजूला आले, ‘सरखेल’ म्हणजे आरमारप्रमुख हे पद त्यांच्याकडेच राहिलं आणि आरमारही फुटलं नाही.

पुढे १७१८ मध्ये खांदेरीवरून आणि १७२० मध्ये विजयदुर्गावरून इंग्रजांना हात हलवत परतावं लागलं. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज एकत्र येऊनही अलिबागचा कुलाबा पडला नाही.

१७२९ मध्ये कान्होजी गेले. त्यांची समाधी अलिबागमध्येच आहे.