कप्तानपद सोडून सारं काही

आमच्या भिवंडीच्या निजामपुऱ्यात गल्ली क्रिकेटचा एकच कायदा आहे: ज्याची बॅट, तो कॅप्टन. बॉलिंग कितीही भारी असो, बॅट नसेल तर मुकाट्याने ओव्हर टाकायची. बाळू पालवणकरांबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, या माणसाला आयुष्यभर हाच कायदा लागला. फक्त तिथे बॅटच्या जागी जात होती.

जन्म १८७६ चा, धारवाडचा. कुटुंब चांभार, घराणं मूळचं कोकणातलं. पुण्यात आधी पारशांच्या क्लबवर आणि मग गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात ते मैदानावर कामाला लागले. पगार महिना ४ रुपये! पिच झाडायचं, रोलर ओढायचा, नेट बांधायचं. मधूनमधून साहेबांना प्रॅक्टिस म्हणून डावखुरी फिरकी टाकायची. जे. जी. ग्रेग हा त्या वेळचा नावाजलेला बॅट्समन. तो इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या बॉलिंगवर सराव करायचा. असे हजारो बॉल टाकून त्यांचा हात बसला. बॅट मात्र कुणी त्यांच्या हाती दिली नाही.

पुण्यातल्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचं होतं. बॉलर तर हवा, पण अस्पृश्य! बरीच वादावादी होऊन शेवटी घेतलं. मैदानात त्यांनी टाकलेल्या बॉलला सगळे हात लावत. पण चहाची वेळ झाली की यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. (आणि आपण मेसच्या चहावरून संप करतो!)

प्लेगच्या दिवसांत ते मुंबईला आले. रेल्वेच्या संघातून खेळले, हिंदू जिमखान्यातून खेळले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी लोळवलं, तेव्हा संघात बाळू होते आणि धाकटे भाऊ शिवरामही. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांचा संघ इंग्लंडला गेला. संघ मॅचमागून मॅच हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी ११४ विकेट काढल्या, त्याही १९ च्या आतल्या सरासरीने.

आता तरी कप्तान करायला हवं होतं ना? नाही केलं. वर्षामागून वर्ष दुसऱ्याच कुणाचं नाव पुढे. १९२० मध्ये तर चौरंगी सामन्यांच्या सुरुवातीला त्यांना संघातूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ सरळ संघाबाहेर पडले. मला या सगळ्या गोष्टीत हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. दोघेही चांगले बॅट्समन, अडलं होतं जिमखान्याचं. फायनलला तडजोड झाली: भाऊ परत आले, बाळू उपकप्तान झाले. कप्तान एम. डी. पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. बस्स, तेवढंच.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि जिंकलेही.

बाळू पुढे राजकारणात गेले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे चक्क डॉ. आंबेडकरांसमोर उभे राहिले आणि हरले. भारत पहिली टेस्ट खेळला १९३२ मध्ये, तेव्हा त्यांचं वय ५६. १९५५ मध्ये ते वारले.

विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच लिहिलंय. होस्टेलमध्ये कुणाकडे प्रत असेल तर द्या राव, सबमिशनच्या आधी परत करतो.