ग्रेस हॉपर आणि माझं हरवलेलं रीसेट

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. रात्रीचे दोन वाजलेले, सकाळी प्रोजेक्टचं सबमिशन. सीमधली माझी शेअर्ड लायब्ररी तिचंच रीसेट फंक्शन बोलवायची आणि चालायचं मात्र रूम पार्टनरच्या लायब्ररीतलं! लिनक्सवर एरवी स्टॅटिक नसलेलं प्रत्येक फंक्शन आणि ग्लोबल व्हेरिएबल एक्स्पोर्ट होतं. एकाच नावाची दोन असली तर आधी सापडेल ते जोडलं जातं. हे कळेपर्यंत उजाडलं. डेमो फसला. सर रागावले नाहीत. ग्रेस हॉपर वाच, एवढंच म्हणाले.

ग्रेसबाईंचा जन्म १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. केली, व्हासार कॉलेजात शिकवलं. महायुद्धात, वजन कमी भरत असूनही, १९४३ साली त्या अमेरिकन नौदलाच्या राखीव दलात शिरल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क वन यंत्रावर कामाला लागल्या.

तेव्हा लायब्ररी म्हणजे चक्क वही. चाललेला कोड वहीत टिपायचा, लागेल तेव्हा हाताने उतरवायचा. उतरवताना चुका, पत्त्यांच्या बेरजेत चुका. पुढे युनिव्हॅक संगणकावर काम करताना त्यांनी १९५२ साली ए-झिरो तयार केलं. प्रत्येक सबरूटीनला एक क्रमांक, सगळी टेपवर. प्रोग्रामरने फक्त क्रमांक लिहायचे; टेपवरून सबरूटीन काढणं, पत्ते बसवणं, जोडणं हे यंत्राचं काम. आपले लिंकर-लोडर आज हेच नावांवरून करतात. पुढे त्यांच्या फ्लो-मॅटिकमधल्या कल्पना कोबोलमध्ये आल्या. १९८६ साली, ७९व्या वर्षी, त्या रिअर अ‍ॅडमिरल पदावरून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी गेल्या.

वाचून मी लायब्ररी पुन्हा उघडली. यंत्र उतरवताना चुकत नाही, पण बाहेर काय दाखवायचं ते आपणच ठरवायचं असतं. एकाच फाइलपुरतं असेल ते स्टॅटिक केलं. बाकीची व्हिजिबिलिटी हिडन ठेवली आणि इतरांना लागणारी तीनच फंक्शनं डिफॉल्ट म्हणून एक्स्पोर्ट केली, नावाआधी लायब्ररीचं नाव लावून. रीसेट घरी परत आलं.

डेमोचे मार्क गेले ते गेले. पण बाईंनी वहीतून सोडवलेली कटकट आपण नावांच्या गर्दीत पुन्हा ओढवून घ्यायची का? सबमिशनच्या आदल्या रात्री नव्हे, आजच विचार करा!