देवळालीचे गणित-शिक्षक द. रा. कापरेकर



प्रोग्रॅमिंग हा शब्द निघाला की आपल्या जिल्ह्यातील पालकांच्या डोळ्यांपुढे प्रथम खर्च उभा राहतो. संगणक घ्यावा लागेल, क्लासची फी भरावी लागेल, मुलाला पुण्याला किंवा नागपूरला ठेवावे लागेल. म्हणून आज मी आपल्याला एका शाळामास्तरांचे चरित्र सांगणार आहे. त्यांची सारी साधने म्हणजे कागद, पेन्सिल आणि चिकाटी. तरीही आज जगभर प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना त्यांच्या नावाचे गणित सरावाला दिले जाते.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाबद्दल आपले मत काहीही असो, त्यात आकडेमोड भरपूर असते, आणि वडिलांजवळ बसून मुलाला आकड्यांची गोडी लागली. माध्यमिक शिक्षण ठाण्याला आणि पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथे असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षे, ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते.

आता त्यांची सर्वांत प्रसिद्ध रीत पाहू. कृपया वही जवळ घ्या. नुसते वाचून भागणार नाही. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्याखाली चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच करा. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ वरून ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. त्यावरून ९५३१ वजा १३५९, उत्तर ८१७२. याच रीतीने पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! संख्या तेथेच थांबते. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती ६१७४ पाशी येते. जन्मवर्षाला पुरत्या सात लागल्या, हा केवळ योगायोग.

१९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. त्या वेळी भारतात एकही संगणक नव्हता. पहिला आला तो १९५५ साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. तरीसुद्धा कापरेकरांनी जे केले ते प्रोग्रॅमिंगच होते असे माझे स्पष्ट मत आहे. ठरलेल्या पायऱ्या, ठरलेला क्रम, आलेले उत्तर पुन्हा त्याच पायऱ्यांत घालणे आणि कोठे थांबायचे ते जाणणे, यालाच अल्गोरिदम म्हणतात. हा शब्दही एका माणसाच्या नावावरून पडला आहे. नवव्या शतकात बगदादला काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मी यांनी भारतीय अंकांनी हिशेब करण्याची रीत ग्रंथात लिहिली. तो ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, तेव्हा त्यांच्या नावाचे तेथील रूप पुढे त्या रीतीलाच चिकटले. संगणक फार नंतर आला. रीत आधीची आहे.

मोबाईल सर्वांच्या घरी आहे. त्यावर पायथन किंवा जावास्क्रिप्ट फुकट चालवता येते. पण माझा आग्रह असा की आधी वहीत दहा संख्या हाताने सोडवा, पायऱ्या साध्या मराठीत किंवा उर्दूत लिहा, आणि मगच यंत्राला हात लावा. ज्याला स्वतःच्या भाषेत पायरी सांगता येत नाही त्याला कोणत्याही संगणकीय भाषेत ती सांगता येणार नाही.

आणि प्रोग्रॅम एकदा बरोबर चालला म्हणून हुरळून जाऊ नका. त्याला १००० ही संख्या द्या. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. येथे यंत्र पुढचे शून्य टाकून देते, तीन नऊ उरतात, ९९९ वजा ९९९ करून उत्तर शून्य येते आणि विद्यार्थी म्हणतो की कापरेकर चुकले. कापरेकर चुकले नाहीत. उत्तर ०९९९ असे चार अंकांनीच धरायचे असते. मग ८९९१, ८०८२, ८५३२ असे करत ते ६१७४ ला येते. यासाठी संख्या नुसती संख्या म्हणून न ठेवता चार अक्षरांची ओळ म्हणून ठेवावी. त्यानंतर २२२२ द्या. उत्तर शून्य येईल आणि शून्यच राहील. ६१७४ येईपर्यंत थांबू नको असे आपण यंत्राला सांगितले असेल, तर ते बिचारे रात्रभर फिरत राहील. म्हणून फेऱ्या मोजणारा आकडा नेहमी ठेवावा. येथे सातपेक्षा जास्त फेऱ्या झाल्या तर कोठेतरी गडबड आहे हे निश्चित. दोन अंकी संख्यांत तर थांबणे नाहीच. ४५ वरून ०९, मग ८१, ६३, २७ आणि पुन्हा ४५. बैल घाण्याला जुंपल्यासारखे ते चक्र चालते. तीन अंकी संख्या मात्र ४९५ वर थांबतात.

आपल्याच भागातल्या एका क्लासमध्ये एका मुलाने सहा महिने फी भरली. त्याला टंकलेखन आले, तक्ते आखणे आले, प्रमाणपत्रही मिळाले. मी त्याला वरील वजाबाकीच्या पायऱ्या लिहायला सांगितल्या, तेव्हा तो गप्प राहिला. दोष मुलाचा नव्हता. पालकांनी फी भरण्यापूर्वी एवढेच विचारावे की येथे मूल स्वतः काही रचेल का, की बटणे कोठे आहेत एवढेच पाठ करील? हल्ली मोबाईलमधील कृत्रिम बुद्धिमत्ता मागताक्षणी प्रोग्रॅम लिहून देते हे खरे आहे. परंतु त्या प्रोग्रॅमला १००० देऊन पाहण्याची बुद्धी ज्याच्याजवळ आहे, त्यालाच तिचा खरा उपयोग.

कापरेकरांच्या वह्यांत आणखी पुष्कळ होते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. २९७ चा वर्ग करून तुम्हीच पाहा. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद हे नाव दिले. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या बनवता येत नाही, तिला त्यांनी स्वयंभू म्हटले, आणि आपल्या गावाच्या प्रेमाने देवळाली संख्या असेही म्हटले. २० ही तशी आहे, २१ नाही. कारण १५ अधिक १ अधिक ५ म्हणजे २१. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्थानकाच्या जुन्या नावावरून डेम्लो म्हटले. हा गृहस्थ आगगाडीची वाट पाहतानासुद्धा रिकामा बसत नसे!

हे सर्व सुखासुखी झाले नाही. त्यांचे काम म्हणजे पोरखेळ असे देशातील बरेच गणितज्ञ समजत. त्यांचे लेख किरकोळ नियतकालिकांत येत, काही पुस्तिका त्यांना पदरमोड करून छापाव्या लागल्या. शाळेतील पगार तो किती असणार, हे आम्हा शिक्षकांना सांगायला नको. तरी ते परिषदांना जात आणि शाळाशाळांतून मुलांपुढे बोलत. १९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा शिकवण्या करून ते दिवस काढीत. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला देवळाली ठाऊक झाली. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. आपल्याकडील माणूस परक्यांनी सांगितल्यावर आपल्याला दिसतो, ही खोड जुनीच आहे.

१९८६ साली देवळालीलाच त्यांचा अंत झाला.

जाता जाता नववी-दहावीच्या मुलांसाठी एक काम. पाच अंकी संख्यांवर हीच रीत चालवा. तेथे एकही थांबा नाही. ५३९५५ वरून ५९९९४ येते आणि ५९९९४ वरून परत ५३९५५. अशी आणखी दोन चक्रे आहेत, आणि ती दोन्ही चार-चार संख्यांची आहेत. ती शोधा, आणि वही घेऊन मला शाळेत भेटा.