अर्देसर कर्सेटजी वाडिया

आमच्या वर्धा जिल्ह्यास समुद्र नाहीं. धाम, वेणा व वर्धा या नद्यांच्या कांठीं वाढलेल्या आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं आगबोट चित्रांतच पाहिली असेल. परंतु शेतांतील विहिरीवरचें डिझेल एंजिन कोणीं पाहिलें नाहीं? तें धापा टाकूं लागलें कीं मिस्त्री येतो, वरचें झांकण काढतो आणि पातळ पत्ती सरकवून टॅपेटची फट तपासतो. कॅमचा उंचवटा टॅपेटास ढकलतो, त्याच्या बळानें झडप उघडते व स्प्रिंगच्या जोरानें ती पुन्हां मिटते. तापलें कीं लोखंड वाढतें. म्हणून एंजिन थंड असतां कागदाच्या दोनतीन पानांएवढी फट राखावी लागते. ती राखली नाहीं तर झडप पुरी मिटत नाहीं, आणि निसटणाऱ्या तप्त वायूनें जळून जाते. फट अधिक झाली तर एंजिन ठोके देतें, झडप उशिरां उघडते व शक्ति घटते. विहिरीवर ही चूक झाली तर एका दिवसाचें पाणी बुडतें. भर समुद्रांत एंजिन बंद पडलें तर साऱ्या उतारूंचे प्राण संकटांत येतात. आगबोटीचीं एंजिनें जोडण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, अशा एका थोर पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

अर्देसर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजीं मुंबईंत झाला. जहाजें बांधणें हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात धंदा. मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे सुरतेहून मुंबईस आले. पुढें या वाडिया घराण्यानें बांधलेलीं सागवानी जहाजें इंग्रजांच्या आरमारांतही नांवाजलीं. अर्देसर चौदाव्या वर्षीं गोदींत कामास लागले. घरची विद्या लांकडाची होती. त्यांचें मन मात्र वाफेकडे ओढ घेत होतें. त्यांनीं स्वतः खटपट करून १ अश्वशक्तीचें वाफेचें एंजिन तयार केलें व पाणी चढविण्याच्या कामास लाविलें. त्यानंतर १८३३ मध्यें त्यांनीं ६० टनांची इंडस नांवाची बोट बांधली आणि विलायतेहून एंजिन आणवून तिच्यांत बसविलें.

त्या काळच्या बोटींच्या एंजिनांत बहुधा सरकत्या झडपा असत व मुख्य आंसावरील एका चकतीच्या योगानें त्या मागेंपुढें होत. रचना निराळी, पण नियम आजच्या टॅपेटाचाच. झडप नेमक्या क्षणीं उघडली पाहिजे व नेमक्या क्षणीं मिटली पाहिजे. थोडी चुकली तर दट्ट्या वाफेच्या साह्यानें चालण्याऐवजीं वाफेशींच झुंजूं लागतो. अशा बारीक गोष्टी नुसत्या पुस्तकांतून कळत नाहींत. हातानें जोडाव्या, बिघडल्या तर पुन्हां सोडाव्या लागतात. अर्देसर यांनीं हाच मार्ग धरिला. १८३४ मध्यें त्यांनीं माझगांव येथील आपल्या घरीं गॅसचे दिवे लाविले, तेव्हां सारी मुंबई चकित झाली.

इतकें नांव झालें असतांही त्यांस आपल्या ज्ञानांतील उणीव दिसत होती. १८३९ मध्यें, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, ते पुन्हां विद्यार्थी होऊन इंग्लंडास गेले व सुमारें एक वर्ष राहून आगबोटींचीं यंत्रें त्यांनीं अभ्यासिलीं. या प्रवासाची त्यांची रोजनिशी १८४० मध्यें लंडन येथें प्रसिद्ध झाली. २७ मे १८४१ रोजीं ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन्, आणि तेही १९१८ मध्यें.

त्याच वर्षीं मुंबईच्या गोदींतील वाफयंत्रांच्या कारखान्यावर मुख्य एंजिनियर म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या हाताखालीं कित्येक गोरे कारागीर होते. एका भारतीयानें त्यांस हुकूम करावा, हें मुंबईच्या एका इंग्रजी पत्रास रुचलें नाहीं व त्यानें उघड टीका केली. परंतु यंत्रास माणसाचा वर्ण कळत नाहीं. त्यास जोडणी बरोबर आहे कीं चूक, एवढेंच कळतें. १८५७ मध्यें निवृत्त होईपर्यंत अर्देसर यांनीं तें पद सांभाळिलें. मध्यंतरीं १८४९ मध्यें अमेरिकेस जाऊन त्यांनीं लांकूडकामाचीं नवीं यंत्रें गोदीसाठीं घेतलीं. १८५१ मध्यें त्यांनीं लवजी फॅमिली ही आगबोट पाण्यांत सोडली. तिचे भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेंत तयार झाले होते. उतारवयांत ते इंग्लंडांत रिचमंड येथें राहिले व तेथेंच १६ नोव्हेंबर १८७७ रोजीं निवर्तले. १९६९ मध्यें भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढिलें.

विद्यार्थिमित्रहो, झांकणाखालची फट कोणास दिसत नाहीं. ती बरोबर राखणाऱ्याची स्तुति कोणी करीत नाहीं. चुकल्यावर मात्र सर्वांस कळतें. तुमच्या गणितांतील पायऱ्या व प्रयोगशाळेंतील मापें हीं तशींच आहेत, तीं घाईनें उरकूं नका. आणि पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी जुनें यंत्र खोलून बसली व हात तेलानें काळे झाले, तर लागलीच रागें भरूं नये. तें यंत्र पुन्हां नीट जोडून दाखव, एवढेंच सांगावें.